गाडीचा एसी गरम हवा का फेकतो? ‘गॅस संपला’ म्हणण्याआधी

मार्चअखेरीस ऊन तापू लागले की बेळगावातील एसी दुरुस्तीच्या गॅरेजांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात आणि त्यांतील बहुतेकांच्या मालकांनी आजाराचे निदान घरूनच करून आणलेले असते : गॅस संपला आहे, भरून घ्यायचा. मेकॅनिक गेज म्हणजे दाबमापक लावतो, डब्यातून गॅस सोडतो, जाळीतून गार वारा येऊ लागतो आणि पैसे चुकते करून गाडी निघून जाते. त्यांतल्या काही गाड्या पुढच्याच महिन्यात, तर काही पुढच्या उन्हाळ्यात त्याच तक्रारीसह परत येतात. बेळगाव शहराची हवा त्यातल्या त्यात सुसह्य आहे. चिक्कोडी, रायबाग, अथणी या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास गेलेला असताना बंद काचांच्या गाडीत गरम हवा येणे हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. म्हणून ही यंत्रणा चालते कशी, ती कोणकोणत्या जागी अडते आणि गॅरेजमध्ये नेमके काय विचारावे, हे सविस्तर पाहू.

थंडावा येतो कुठून?

लग्नाच्या मांडवामागे मोठ्या शेगडीला जोडलेला गॅस सिलिंडर अनेकांनी पाहिला असेल. शेगडी तासभर मोठ्या आचेवर चालली की सिलिंडरच्या खालच्या अंगाला घाम फुटतो, कधी त्यावर पांढरा बर्फही धरतो, आणि आचारी तो सिलिंडर पाण्याच्या टपात नेऊन ठेवतात. सिलिंडरमधील द्रव उकळून त्याची वाफ होत असते. त्या उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो द्रव सिलिंडरच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. गाडीचा एसी याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की सिलिंडरमधील वाफ जळून जाते, तर गाडीतील वाफ पुन्हा द्रव करून फिरवली जाते. हा फिरणारा पदार्थ म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘गॅस’ म्हणतो तो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए या नावाचा असतो आणि मोकळ्या हवेच्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो.

या फेऱ्यात चार ठिकाणे आहेत. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात हा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि ब्लोअरने फेकलेली हवा गार होते. तिथून बाहेर पडलेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेली तापलेली वाफ गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देऊन तिचा पुन्हा द्रव होतो. शेवटी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव दाब गमावून परत कूलिंग कॉइलमध्ये शिरतो.

दोन आकडे लक्षात ठेवले तर पुढचे बरेचसे आपोआप कळते. कॉइलमधील दाब साधारण ३० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचे एकक) असेल तर आर-१३४ए सुमारे १ अंशाला उकळतो, आणि कंडेन्सरमधील दाब २०० पीएसआय असेल तर तो ५५ अंशांच्या आसपास द्रव होतो. बाहेरची हवा ३८ अंशांची असताना तिला उष्णता द्यायची, तर देणारा तिच्याहून बराच तापलेला असला पाहिजे. कॉम्प्रेसरचा सगळा खटाटोप त्यासाठीच चाललेला असतो. या फेऱ्यात गॅस कुठेही जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर बाहेर गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गरम हवा केव्हा येते, हे आधी पाहावे

‘एसी गरम मारतोय’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे दोष लपलेले असू शकतात. मेकॅनिककडे जाण्याआधी मालकाने केलेले निरीक्षण इथे गेजइतकेच उपयोगी पडते, कारण गॅरेजमध्ये गाडी उभी असते आणि दोष कदाचित धावतानाच दिसतो.

हवा गार आहे पण कमी येते, की भरपूर येते पण गरम आहे, हा पहिला प्रश्न. हवाच कमी येत असेल तर बहुधा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, धुळीने भरलेला असतो. खानापूरकडच्या लाल मातीच्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेतील मुदतीपर्यंत टिकेल, अशी अपेक्षा ठेवू नये. तो सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि काढून पाहायला मेकॅनिकची गरज लागत नाही. हवा भरपूर येऊनही पुरेशी गार नसेल, तर बाहेरची हवा आत घेणारे बटण चुकून चालू राहिलेले असणे हेही कारण वाटते त्याहून जास्त वेळा सापडते.

दुसरा प्रश्न, गाडी धावताना गारवा असतो आणि थांबली की जातो, असे होते का? कोल्हापूरकडे जाताना महामार्गावर उत्तम चाललेला एसी कोगनोळी टोलनाक्याच्या रांगेत पाच मिनिटांत गरम वारा देऊ लागला, तर संशय गॅसवर नव्हे, कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा कंडेन्सरला गार करतो. थांबलेल्या गाडीत ते काम पंख्याचे असते. पंखा बंद असेल, एकाच वेगाने मंद फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या पत्र्या बुजलेल्या असतील तर उष्णता बाहेर जात नाही, दाब चढत जातो आणि शेवटी सुरक्षेसाठी बसवलेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. आपल्या भागात ऊस गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून गाडी चालवणाऱ्यांनी एकदा बोनेट उघडून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बॅटरीचा उजेड टाकून पाहावा. उसाचे पाचट, धूळ आणि किडे यांचा तिथे जणू नमदा तयार झालेला असतो, आणि तो समोरून अजिबात दिसत नाही. तो साध्या पाण्याने, कमी जोराने धुवावा; सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि रोगापेक्षा उपाय भारी पडतो.

तिसरा प्रकार याच्या उलट. एसी सुरुवातीला चांगला चालतो, तास-दीड तासाने जाळीतून येणारी हवा हळूहळू कमी होते आणि मग गरम होते. थोडा वेळ एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवला की पुन्हा सगळे ठीक. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागातून लांबचा प्रवास करताना हे विशेष जाणवते. इथे कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला असणे, फिल्टर तुंबलेला असणे किंवा गॅस थोडा कमी होऊन कॉइलमधील दाब उतरणे आणि तिचे तापमान गोठणबिंदूच्या खाली जाणे, ही त्याची नेहमीची कारणे. मात्र हवेचा झोत पूर्ण असून तोच मध्येच गरम आणि मध्येच गार होत असेल तर यंत्रणेत ओलावा शिरला असून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आहे, असा संशय घ्यायला जागा असते.

आणि घाटात क्षणभर गारवा गेला, तर तो दोष नसतोही. लहान इंजिनाची गाडी चोर्ला घाटाच्या चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून चालवली, की इंजिनाचे नियंत्रण काही वेळ कॉम्प्रेसर सोडून देते, जेणेकरून सगळी ताकद चाकांना मिळावी. इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा वर गेला असेल तरीही असेच होते, पण तेव्हा प्रश्न एसीचा नसून रेडिएटरचा असतो आणि गाडी थांबवणे अधिक निकडीचे असते.

दोन नळ्यांची परीक्षा

बोनेटखाली, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीत दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या शिरताना दिसतात, एक जाड आणि एक बारीक. बहुतेक गाड्यांत बारीक नळीतून द्रव आत जातो आणि जाड नळीतून वाफ परत येते. इंजिन चालू, एसी पूर्ण गारव्यावर, ब्लोअर मोठ्या वेगावर ठेवून पाच-सात मिनिटांनी या दोन नळ्यांना भिंतीजवळ हात लावावा. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीला मात्र हात लावू नये, ती भाजण्याइतकी तापलेली असते. आणि बाह्या, ओढणी, दोरी असे काही पंख्याजवळ जाऊ देऊ नये, कारण तो पूर्वसूचना न देता सुरू होतो.

जाड नळी माठातल्या पाण्यासारखी गार आणि घामेजलेली, बारीक नळी कोमट, ही निरोगी स्थिती. असे असूनही आत गरम हवा येत असेल तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर या सगळ्यांना सोडून द्यावे, कारण थंडावा केबिनच्या दारापर्यंत पोहोचलेला आहे. दोष डॅशबोर्डच्या आतील फ्लॅपचा असतो. कूलिंग कॉइलशेजारीच हीटरची कॉइल असते, इंजिनाचे गरम पाणी तिच्यातून फिरते, आणि हवा कोणत्या कॉइलवरून न्यायची हे एक फ्लॅप ठरवतो. जुन्या गाड्यांत त्याची केबल निसटते. नव्या गाड्यांत तो फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लॅस्टिकचा दाता तुटतो आणि डॅशबोर्डमागून टक्-टक् असा आवाज येत राहतो. अशा गाडीत गॅस भरणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे. तरीही तो भरला जातो, आणि कुरकुर करूनही ग्राहक बिल देतो.

दोन्ही नळ्या इंजिनाच्या उबेइतक्याच असतील तर कॉम्प्रेसर काम करत नाही. जाड नळी जेमतेम गार आणि बारीक नळीच्या टोकाशी दव किंवा बर्फ असेल, तर गॅस कमी आहे किंवा वाटेत काही अडकले आहे.

कॉम्प्रेसर फिरतो, म्हणजे चालतो असे नाही

पट्ट्याने फिरणारी पुली इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहते. बऱ्याच गाड्यांत पुलीच्या तोंडाशी एक चकती असते. एसीचे बटण दाबल्यावर विद्युतचुंबक तिला खेचून पुलीला चिकटवतो आणि तेव्हाच कॉम्प्रेसरचा दांडा फिरू लागतो. हा क्लच. बाहेरून पाहिले की चकती पुलीबरोबर फिरते की स्थिर आहे, हे सहज दिसते. ती स्थिर असेल तर आधी फ्यूज आणि रिले (क्लचला वीज सोडणारा छोटा स्विच) तपासावेत. अनेक गाड्यांत हॉर्नचा किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा रिले त्याच नंबरचा असतो. तो क्षणभर अदलून पाहणे ही जुनी आणि बिनखर्चाची युक्ती आहे. शेताच्या कडेला किंवा धान्याच्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, हेही बघावे.

क्लचचा एक दोष फसवा असतो. झिजेमुळे चकती आणि पुली यांच्यातील फट वाढते. सकाळी, सगळे गार असताना, चुंबक ती फट ओलांडून चकती खेचतो. दुपारी तापलेल्या तारेचा विरोध वाढतो, चुंबकाचा जोर कमी पडतो आणि चकती सुटते. गॅरेजमध्ये सकाळी नेलेली गाडी निर्दोष दिसते आणि दुपारी मालक पुन्हा घाम पुसत असतो. फट नीट करण्याने जे काम भागते, त्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळू शकतो, म्हणून गाडी दोष दिसत असतानाच दाखवावी. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लच नसतोच. त्यांतील कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला तर सगळे फिरत असूनही दाब निर्माण होत नाही आणि गेजचे कमी आणि जास्त दाब दाखवणारे दोन्ही काटे एकमेकांजवळ येऊन थांबतात.

‘दर वर्षी थोडा गॅस भरावाच लागतो ना?’

नाही. रबरी होजमधून आणि सांध्यांतून अतिशय संथ गळती होत असते हे खरे, पण तिचा परिणाम जाणवायला बरीच वर्षे जावी लागतात. वर्षा-दोन वर्षांत गॅस कमी होत असेल तर गळती आहे, आणि ती शोधण्याआधी भरलेला गॅस तिथूनच जाणार आहे.

गळतीची खूण बहुतेकदा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. जिथून गॅस निसटतो तिथे थोडे तेल झिरपते आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, ओलसर डाग पडतो. सांध्यांतील रबरी कडी म्हणजे ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या दांड्याची सील, दगड लागून टोचलेला कंडेन्सर, ही नेहमीची ठिकाणे. सर्व्हिस पोर्टमधील पिन, म्हणजे गेज लावतात तिथला ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा भाग, हे तर फारच दुर्लक्षित ठिकाण. त्यावरचे प्लॅस्टिकचे टोपण केवळ शोभेचे नसते. आतल्या रबरासह ते दुसरी सील म्हणून काम करते, आणि गॅस भरताना काढलेले टोपण अनेक गाड्यांवर परत बसलेले नसते. कूलिंग कॉइलची गळती मात्र दिसत नाही. ती शोधायला सेन्सरचे यंत्र लागते किंवा गॅसबरोबर रंगद्रव्य घालून काही दिवसांनी अतिनील बॅटरीने पाहावे लागते. डॅशबोर्ड उतरवण्याला होकार देण्याआधी अशी एक तरी चाचणी झालेली असावी, असा आग्रह धरणे योग्य.

‘पण गेजवर प्रेशर बरोबर होते’

इथेच बहुतेकांची गल्लत होते. स्वयंपाकघरातील सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची आच सारखीच असते, कारण आत द्रवाचा शेवटचा अंश शिल्लक असेपर्यंत वाफेचा दाब त्या दिवसाच्या तापमानावर ठरतो, द्रवाच्या प्रमाणावर नाही. म्हणून सिलिंडर घेताना आपण तो वजनकाट्यावर ठेवायला सांगतो. गाडीतही तेच. एसी बंद असताना, हवा ३० अंशांची असेल तर आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय दिसतो आणि ३५ अंशांची असेल तर ११४. यंत्रणेत ५०० ग्रॅम असोत की २००. एसी चालू असतानाचे आकडे अधिक बोलके असतात, पण त्यांवरही बाहेरचे तापमान, हवेतील दमटपणा, इंजिनाचा वेग आणि पंख्याची स्थिती यांचा परिणाम होतो.

खात्रीचा मार्ग एकच : आहे तो गॅस यंत्राने काढून घेऊन मोजायचा, गळती दुरुस्त करायची आणि ठरलेल्या वजनाचा गॅस भरायचा. तो आकडा बोनेटखाली चिकटवलेल्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. लहान मोटारींत तो बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि एवढ्या थोड्या गॅसमध्ये शंभर ग्रॅमची चूक ही वीस टक्क्यांची चूक ठरते. बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढेच न लिहिता किती ग्रॅम निघाला आणि किती भरला हे लिहून मागावे. चांगला मेकॅनिक रागावत नाही.

व्हॅक्यूम आणि सत्तावीसचा आकडा

यंत्रणा उघडली की तिच्यात हवा आणि ओलावा शिरतो. हवा कंडेन्सरमध्ये साठून दाब विनाकारण वाढवते. ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठतो आणि तेलाशी मिसळून आतून गंज चढवतो. म्हणून गॅस भरण्याआधी पंपाने किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारतात, म्हणजे आतली हवा ओढून काढतात; निर्वातात पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. पावसाळ्यात हे काम उरकून टाकण्यासारखे नाही.

आपल्याकडच्या मंडळींना इथे एक शंका येते. पुस्तकात किंवा व्हिडिओत व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ किंवा ३० इंचांपर्यंत जाताना दाखवतात, आणि बेळगावच्या गॅरेजमध्ये तो २७च्या आसपास अडतो. पंप कमजोर असेल असे नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे; इथल्या हवेचा दाबच पाऱ्याच्या सुमारे साडेसत्तावीस इंचांएवढा असतो, आणि गेज भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजत असल्याने त्याहून खाली जायला जागाच नसते. तेच गेज गोव्यात किनाऱ्यावर नेले तर ते २९च्या पुढे जाईल.

पंप बंद करून काटा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहिला म्हणजे गळती नाही, असाही एक समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा एका वातावरणाच्या दाबाने आत ढकलत असते. चालू एसीमध्ये आतला गॅस त्याच्या दहा-बारा पट दाबाने बाहेर ढकलत असतो. बारीक गळती पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि दुसरीत नापास. कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावणे ही अधिक कडक चाचणी. उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या परिसरात नायट्रोजन दुर्मिळ नाही. त्याऐवजी टायरमध्ये भरायची हवा किंवा ऑक्सिजन वापरू देऊ नये. एक ओलावा घेऊन येते, दुसरा तेलाशी पेट घेऊ शकतो.

‘थोडा जास्त भरला तर जास्त गार होईल’, आणि स्वस्त गॅसविषयी

जास्त भरलेला गॅस कंडेन्सरची जागा द्रवाने व्यापतो, वाफेला द्रव व्हायला जागा उरत नाही, दाब वाढतो, आणि गारवा उलट कमी होतो. कॉम्प्रेसरपर्यंत द्रव पोहोचला तर त्याचे नुकसान होते, कारण द्रव दाबला जात नाही.

स्वस्त, नाव नसलेल्या डब्यांपासून दूर राहावे. जगभरात बनावट आर-१३४एमध्ये ज्वलनशील हायड्रोकार्बन किंवा मिथाइल क्लोराइड सापडलेले आहे. दुसरा पदार्थ अॅल्युमिनियमशी क्रिया करून हवेच्या संपर्कात पेटणारी संयुगे तयार करतो, आणि गाडीतील कंडेन्सर व कॉइल अॅल्युमिनियमचीच असतात. गळती बुजवण्याचे रसायनही गॅसबरोबर भरू नये. ते व्हॉल्व्ह आणि गॅरेजचे यंत्र दोन्ही तुंबवते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते, त्यामुळे नारिंगी केबलींना हात न लावता ते काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावे.

जुना गॅस हवेत सोडून नवा भरण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. आर-१३४एमुळे ओझोनच्या थराला धोका नाही. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ हा जुना गॅस हटला तो मात्र ओझोनला धोका होता म्हणूनच. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१३४एचा एक किलो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापमानवाढीला कारण होतो, म्हणजे ४५० ग्रॅमची एक गाडी मोकळी केली तर साडेसहाशे किलोंच्या आसपास. आर-१३४एच्या गटातील वायू कमी करण्यासाठी मॉन्ट्रियल करारात केलेल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली आहे. त्यानुसार २०२८मध्ये वापर गोठवायचा असून २०३२पासून तो टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. आर-१३४एवर चालणारी गाडी त्यामुळे बाद होत नाही, आणि तिच्यात नव्या गाड्यांतील आर-१२३४वायएफ भरूही नये. तो सौम्य ज्वलनशील असून त्याचे पोर्टही मुद्दाम वेगळ्या मापाचे ठेवले आहेत.